वरची रांग

३ मार्च
आली एकदाची! फ्रेम गॅलरीत उभी केली — चार रांगा, रांगेत कप्पे, हवा तो कप्पा ओढून बदलता येतो. आमच्या ऑफिसला शाळेसमोरच्या रस्त्यावर अशीच रोपांची हिरवी भिंत करायची आहे, पण आधी इथे घरी चाचणी. पाणी फक्त नळीतून, थेंबथेंब. वरच्या रांगेला वारा आणि ऊन दोन्ही, आणि ऑफिसातल्या साहेबांना तिथे नेचेच, म्हणजे फर्नच, हवेत! ते जगले तर मंजुरी.

सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, खुर्ची मात्र कोपऱ्यात गेली. "घरात भिंती कमी होत्या का, सूनबाई?" दिवसभर हेच पालुपद.

११ मार्च
वरचे दोन नेचे पिवळे पडले. मला जेवण गेलं नाही. बाबा म्हणाले, "रोपं उपाशी नाहीत, तू का राहतेस?"

१५ मार्च
दोन्ही टवटवीत! जीव भांड्यात पडला.

२ एप्रिल
साहेब भिंत बघून गेले, मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून गेले. बाबांनीच त्यांना सगळं समजावलं — कप्पा कसा निघतो, नळी कुठून जाते. आणि मला वाटायचं, यांना या भिंतीचा राग आहे! इतके गोड दिसत होते. नवरा म्हणाला, "तुझी नोकरी बाबांनाच देऊन टाक."

९ एप्रिल
रस्त्यासाठी रोपं सांगायला नर्सरीत गेले. आडनाव सांगितलं तशा तिथल्या बाई हसल्या. "म्हणजे ते आजोबा तुमचे? दर आठवड्याला नेचे नेतात की! मेलेलं रोप पिशवीत घालून आणतात, पट्टीने उंची मोजतात, अगदी तस्संच हवं म्हणून भांडतात."

तिथल्याच एका पालथ्या कुंडीवर बसले. म्हणजे वरची रांग सारखी मरतच होती! राग यायला हवा होता. आधी हसू आलं, मग रडू. शाळेतली पोरं रोज वाळलेली भिंत बघत गेली असती — माझ्या सहीने.

१० एप्रिल
साहेबांना खरं सांगितलं. मंजुरी थांबली, चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

घरी येऊन हळूच म्हटलं, "बाबा, आता बदलायची नाहीत हं. मरतील ती मरू द्यायची."

त्यांनी नळीच्या टोकाचा थेंब बोटाने टिपला. मग म्हणाले, "मरताना नुसतं बघत बसायचं? तुझ्या सासूच्या वेळी तेवढंच केलं. पुन्हा नाही जमायचं गं मला."

फ्रेम उद्या ऑफिसच्या गच्चीवर नेते. तिथे नवे नेचे लावेन; वरच्या रांगेतले हे कप्पे इथेच राहतील, बाबांच्या खुर्चीजवळ.