ढोल्याच्या तोंडाचा वास

४ फेब्रुवारी, रविवार
डोकं फिरलंय. लेक महिन्याने घरी आली. सोफ्यावर माझ्याशेजारी बसली. मी तिला ऑफिसातलं राजकारण समजावून सांगत होतो, तर ही नाकाला ओढणी लावून बसली. म्हणाली, कसला वास येतोय? बायको माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, ढोल्याच्या तोंडाचा, दुसऱ्या कुणाचा असणार? ढोल्या तेव्हा पार दाराशी झोपला होता, पण कुत्र्याचा वास लांबवर जातो.
लेक लगेच सुरू. त्याचे दात किडले असणार, तुम्ही लक्ष देत नाही, मी त्याला माझ्या घरी नेते. तिच्या घरी! पिल्लू होता तेव्हा स्वेटरच्या आत घालून कुणी आणला त्याला? मी. ढोल्या माझा आहे. मी ठणकावून सांगितलं, महिन्याभरात त्याचे दात आरशासारखे करून दाखवतो, नाही झाले तर ने. ती म्हणाली ठीक आहे.
बायको म्हणाली आधी तुमची ती दाढ दाखवून या. विषय भलतीकडे न्यायची हिची जुनी खोड.

५ फेब्रुवारी
खरेदी केली. कुत्र्यांची टूथपेस्ट (मटणाच्या चवीची, काय एकेक थेरं), बोटात घालायचा रबरी ब्रश. उद्यापासून रोज सकाळी साडेसहा. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही.

६ फेब्रुवारी
आठला जाग आली. ढोल्याने उठवलं नाही. ज्याचे दात त्याला काळजी नको?

७ फेब्रुवारी
पहिला प्रयत्न. ढोल्याला गुडघ्यांत धरून बसवला. आधी समज द्यावी म्हणून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन शिस्त म्हणजे काय ते सांगायला लागलो. त्याने तोंड फिरवलं. मी त्या बाजूला गेलो. त्याने या बाजूला फिरवलं. मग डोळे मिटले, दोनदा शिंकला आणि निसटून टेबलाखाली. तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात, माझ्याच सतरंजीवर, मला पाठ!

९ फेब्रुवारी
तेच. तोंड फिरवणं, शिंकणं, टेबल. आज वर हुंदका दिल्यासारखा आवाज काढला. नाटकी.

१० फेब्रुवारी
गंमत बघा. बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसली, "आ कर राजा" म्हणाली, आणि हा पठ्ठ्या तिच्या मांडीवर डोकं टाकून जबडा उघडून पडला. तिने ब्रश फिरवला, झालं. वर मला म्हणते, रोज मीच करते हं आता. करू दे. वरवरचं काम आहे ते. मी चार दिवस घालून दिलेल्या शिस्तीचं फळ ही खातेय, पण कबूल करणार नाही.

१४ फेब्रुवारी
ऑफिसात माझी किंमत आहे, घरातच नाही. तक्रारींच्या टेबलावर मला बसवल्यापासून तक्रारी चुटकीसरशी मिटतात. तावातावाने आलेला माणूस मी पुढे वाकून चार शब्द बोललो की मागे सरकतो, मान डोलावतो, निघतो. शेजारच्या टेबलावर अर्धा अर्धा तास वाद चालतो. दरारा लागतो. साहेबांनीही ओळखलंय, माझं टेबल खास खिडकीला लावून दिलंय.

१९ फेब्रुवारी
दाढ ठणकतेय. लवंग धरली. बायको पुन्हा दाताच्या डॉक्टरचं घेऊन बसली. मी म्हटलं, मला वेळ नाही, मी एका कुत्र्याच्या दातांच्या मागे आहे. दाढेच्या बाजूने मी चावत नाही, ब्रशही लावत नाही. दुखऱ्या जागेला कशाला डिवचायचं?

२५ फेब्रुवारी
ढोल्याचे दात पांढरेशुभ्र. लांबून बघितले, जवळ येऊ देत नाही. माझी योजना यशस्वी. लेकीचं नाक कापतो आता.

३ मार्च, रविवार
लेक आली. मी दारातच गाठलं. अगदी जवळ जाऊन म्हटलं, ये, सोफ्यावर बस, घे वास, येतोय का? ती एक पाऊल मागे सरकली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, "बाबा, वास आहे तसाच आहे. मी त्याला नेते."
मी खूप बोललो. नको ते बोललो. बायको मधे पडायला लागली तर तिलाही गप्प केलं. ढोल्या गाडीत बसला तेव्हा मी खाली गेलो नाही. गॅलरीतून बघितलं. तो मागच्या काचेतून वर बघत होता.
गेला. बरं झालं. कटकट गेली.

४ मार्च
कटकट वगैरे काही नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. इथे लिहितो, इथे कोण वाचणार आहे.

७ मार्च
बायको अजून खिडक्या उघड्या टाकून बसते. म्हणजे वास आहे! कुत्रा नाही, वास आहे. मी म्हटलं, सोफ्यात मुरलाय. खोळी काढून धुतल्या. पडदे धुतले. सतरंजी देऊन टाकली. ही नुसती बघत होती. मदत करायला नको हिला.

१० मार्च
सोफा गॅलरीत काढला. रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो. ही चहा घेऊन आली, खुर्ची पार भिंतीपर्यंत मागे ओढून बसली. अजून येतो का, विचारलं. हो म्हणाली. भिंतींना रंग काढावा लागणार. एवढ्याशा कुत्र्याने केवढं घर नासवलं!

१३ मार्च
लेकीचा फोन. ढोल्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके स्वच्छ दात क्वचित बघायला मिळतात. कीड नाही, कीटण नाही, हिरड्या गुलाबी. मी म्हटलं डॉक्टर बदल. मग ती म्हणाली, "बाबा, तो रात्री माझ्या तोंडाला तोंड लावून झोपतो. त्याच्या तोंडाला वास नाही. तुमच्यापुढेच तो तोंड का फिरवतो, याचा विचार करा ना."
फोन ठेवला. उद्धट कार्टी.

१३ मार्च, नंतर
तळहात तोंडासमोर धरला. फुंकर मारली.
शी!
बायकोला विचारलं, कधीपासून? म्हणाली, लवंग सुरू केलीत त्याच्याही आधीपासून. मग बोलली का नाहीस? म्हणाली, बोलतच तर होते. मी तिच्यावर भडकलो. नंतर लेकीला फोन लावला आणि म्हटलं, कुत्रा परत आण.
"आधी दाढ," म्हणाली.

१८ मार्च
दाताचा डॉक्टर. एकावर एक दोन मास्क लावलेले. तोंड उघडा म्हणाला. उघडणारच होतो, पण त्याची घाई बघून डोकं तापलं. मी तोंड या बाजूला नेलं, तो या बाजूला आला. त्या बाजूला नेलं, तो त्या बाजूला. शेवटी नर्सने कपाळ धरलं आणि बायकोला आत बोलावलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आ करा राजा, झालं हं."
केला आ. डॉक्टरचं बोट चावलं गेलं, पण ते चुकून. दोन दाढा गेल्या. बाकीच्यांवर इतकं कीटण की खरवडताना मशीन थांबवून त्याने खिडकी उघडली.

२१ मार्च
ऑफिसात भयंकर दिवस. सकाळी एक बाई तक्रार घेऊन आल्या. मी नेहमीसारखा पुढे वाकून चार शब्द बोललो. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडल्या. मग दुसरा. मग तिसरा. कुणी उठेचना! शेजारच्या टेबलावरचा हसत होता. माझा दरारा गेला कुठे, यावर विचार केला. फार खोलात गेलो नाही.

२४ मार्च, रविवार
लेक ढोल्याला घेऊन आली. दार उघडताच हा सुसाट धावत आधी बायकोकडे गेला! माझं टाळकंच सटकलं. मान धरून समोर बसवला, तोंडासमोर तोंड नेऊन त्याची बिनपाण्याने केली. बेइमान म्हटलं, नाटकी म्हटलं, तीन आठवड्यांत एकदा तरी माझी आठवण आली का म्हणून विचारलं. त्याने तोंड फिरवलं नाही. पूर्ण ऐकून घेतलं. माझं संपल्यावर नाक पुढे करून नीट हुंगलं आणि माझं तोंड गळ्यापर्यंत चाटून काढलं.
उद्यापासून सकाळी साडेसहाला दोघांनी स्वयंपाकघरात हजर राहायचं, असा हिचा हुकूम आहे. ढोल्याचा नंबर आधी. तो शहाण्यासारखं तोंड उघडतो म्हणे.