फ्रिडोलिनची विजार आणि एकशे एकोणीस मतं

८ डिसेंबर १९८४

प्रिय बुर्गी,

येशूची स्तुती असो. (हे पत्राच्या माथ्यावर लिहिलं नाही, तर आपल्या शाळेच्या सिस्टर आडेलगुंडे स्वर्गातूनसुद्धा पट्टी फेकून मारतील.) खरं तर तुला आता आदरणीय सिस्टर नोटबुर्गा म्हणायला हवं, आणि तू माझ्या नवऱ्याची, फ्रिडोलिनची बहीण, म्हणून वन्संही म्हणायला हवं. पण जिच्या शेजारी एका बाकावर बसून जिच्या डब्यातलं सफरचंद मी चार वर्षं खाल्लं, तिच्याशी एवढ्या अदबीने बोलायला माझी जीभ वळत नाही. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे बोलिव्हियात गुडघ्याला काय लावतात? मी अजून आईच्या पद्धतीने मार्मोटची, त्या डोंगरी घुशीची, चरबीच चोळते. गुडघा ठणठणीत आहे, पण त्या वासाने चर्चमध्ये माझ्या बाकावर दुसरं कोणी बसत नाही.

यंदा गावाकडे काय विशेष, असं तू विचारलं आहेस. आपल्या देशात विशेष ते काय घडणार? देशच एवढासा, की काही मोठं घडायला लागलं तर त्यातलं निम्मं पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये घडतं. पण यंदा देवाने सगळं वर्ष आपल्यावरच खर्च केलं. फेब्रुवारीत हिवाळी ऑलिंपिकमध्ये आपल्याला बर्फावर घसरण्याची दोन कांस्यपदकं मिळाली, आणि त्यातलं एक एका मुलीने आणलं. खानावळीतल्या टीव्हीसमोर गावातले पुरुष टेबलांवर चढून नाचले. शेजारची ओटिलिया (तीच, शाळेत प्रार्थनेच्या वेळी विणकाम करायची ती) दारात उभी राहून म्हणाली, "पदक आणायला बाई चालते. मत टाकायला तेवढी चालत नाही." नाच तिथेच संपला.

कारण जुलैत मतदान होतं. बायकांना देशाच्या कारभारात मत द्यावं की नाही, हे पुरुष मतं टाकून ठरवणार होते. (आधी दोनदा विचारून झालं होतं. दोन्ही वेळा नाही म्हणाले.) तुला आठवतं, सिस्टर आडेलगुंडेंनी आपल्याकडून देशाची घटना तोंडपाठ करून घेतली होती? आणि मी विचारलं, की सिस्टर, याचा आम्हाला काय उपयोग, तर त्या म्हणाल्या होत्या, "मुलांचा अभ्यास घेशील तेव्हा उपयोगी पडेल." मला मूलबाळ झालं नाही. ती सगळी कलमं चाळीस वर्षं माझ्या डोक्यात तशीच पडून आहेत, रुखवतातल्या न वापरलेल्या चादरींसारखी.

आता विजारीचं सांगते. ईस्टरआधीच्या उपासाच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे होळी पेटवतात आणि वर चेटकिणीचं बाहुलं ठेवतात, हे तू विसरली नसशील. त्या चेटकिणीचे कपडे दरवर्षी आम्ही बायका देतो. यंदा ओटिलियाने ठरवलं, की मत मिळेपर्यंत आमचा एकही घागरा जळणार नाही. जाळायचंच असेल तर पुरुषाला जाळा. म्हणून मी माळ्यावरच्या पेटीतून फ्रिडोलिनची एक जुनी विजार काढून दिली. बाहुलं फारच देखणं झालं. पेटल्यावर सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. फ्रिडोलिन मात्र मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "क्रेसेन्स, त्या विजारीला शिंगाची बटणं होती का गं?"

होती. ती त्याची लग्नातली विजार होती.

तो रागावला नाही. तुझा भाऊ रागावत नाही, हेच तर दुःख आहे. रागावला असता तर भांडून मोकळी झाले असते. तो नुसता गप्प झाला, आणि गप्प तो आधीपासूनच असल्यामुळे नक्की कधीपासून गप्प झाला, हेही मला सांगता येईना. तसाच तो एक जुलैला चर्चमधली मिस्सा झाल्यावर टोपी घालून मत द्यायला गेला आणि घरी येऊन गवत कापायला निघून गेला. मी विचारलं, "काय लिहिलंस?" तर म्हणाला, "पेन्सिलीला टोक नव्हतं."

संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, की आपण जिंकलो. सगळ्या देशात मिळून एकशे एकोणीस मतांनी, पण जिंकलो. मी आणि ओटिलिया विहिरीपाशी गळ्यात पडून रडलो. मग आम्ही हिशेबाला बसलो. गावातली प्रत्येक बाई शपथेवर सांगत होती, की माझ्या नवऱ्याने हो लिहिलं. आणि आपल्या गावाचा निकाल बघावा, तर 'नाही'चीच मतं जास्त! बायबलात काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला होता. आपल्या गावात उलटा चमत्कार झाला. तेव्हापासून प्रत्येकीच्या मनात एकच किडा, की खोटं बोलणारा आपल्याच घरात तर जेवत नाही ना? ओटिलियाचा एगोन तर दिवसातून तीनदा "मी हो लिहिलं" म्हणतो, त्यामुळे तिचा संशय बळावतच चालला आहे. माझा तर तेवढंही म्हणत नाही.

म्हणून मी त्याच्या आवडीचे चीजचे क्नोफ्ले, ते उकडलेल्या पिठाचे गोळे, करणं बंद केलं. तो तळलेला कांदा नाही, सोबत सफरचंदाचा गर नाही. जुलै, ऑगस्ट, अर्धा सप्टेंबर मी त्याला रोज मक्याचा सांजा वाढला. बुर्गी, त्याने एकदाही विचारलं नाही. ऑगस्टमध्ये आपल्या म्हाताऱ्या राजेसाहेबांनी कारभार युवराजांच्या हाती दिला, ती बातमी ऐकून तेवढा म्हणाला, "त्यांना बरं आहे. कोणी विचारत नाही, पेन्सिलीने काय लिहिलं."

सप्टेंबरात गुरं डोंगरावरून उतरली. सगळ्यांत जास्त दूध यंदा आमच्या लुस्तीने दिलं, म्हणून पुढे चालायचा आणि कपाळावर पत्त्यांतल्यासारखा लाकडी बदाम मिरवायचा मान तिचा. तो बदाम फ्रिडोलिन स्वतः कोरतो, आणि मिरवून झाला की गोठ्याच्या दारावर ठोकतो. त्यावर फुलं आणि वर्षाचा आकडा, एवढंच असतं. आजवर सात आहेत, सगळे तसेच. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. घंटा वाजवत लुस्ती आली, आणि तिच्या कपाळावर फुलं, त्याखाली १९८४, आणि त्याखाली लाल रंगात एवढासा शब्द: हो.

खानावळीसमोरचे पुरुष हसले. एगोन ओरडला, "फ्रिडोलिन, मत तू दिलंस की गाईने?" तो टोपी सावरत गाईमागून चालत राहिला, आणि त्याचे कान त्या शब्दासारखेच लाल झाले होते. त्या संध्याकाळी मी दोन किलोचे क्नोफ्ले केले. तीन ताटं जेवला आणि म्हणाला, "कांदा जरा जास्त तळलास."

तर असं हे आनंदाचं वर्ष. तब्येतीला जप आणि आम्हा दोघांसाठी प्रार्थना कर.

तुझीच,
क्रेसेन्स

ता. क. हे पत्र पाकिटात घालतानाच ओटिलिया आली होती. हसत हसत सांगून गेली, की सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रिडोलिन तिच्या कुंपणापाशी येऊन विचारत होता, "क्नोफ्ले पुन्हा सुरू व्हायला काय करावं लागेल?" बदामाची युक्ती तिची. म्हणजे मी जुलैत होते तिथेच आहे.

ता. क. २. तो तुझ्याशी लहानपणापासून कधी खोटं बोललेला नाही. त्याला एक पत्र लिही, आणि गुडघ्याचं लिहिता लिहिता सहज विचार. आमच्या घरचं टपाल तोच उघडतो, तेव्हा मला उत्तर शब्दांत नको. त्याचं उत्तर हो असेल, तर तुझ्या पुढच्या पत्राच्या पाकिटात तुझ्या संत नोटबुर्गाचं चित्र घाल. मी समजेन.

ता. क. ३. पुढच्या निवडणुकीत घरातली दोन्ही मतं काळ्या पक्षाला जाणार, असं त्याने धरून ठेवलं आहे, कारण आजोबांपासून हे घर काळ्यांचं. मी लाल पक्षाला देणार आहे. हे त्याला कळवू नकोस. मत गुप्त असतं. सिस्टर आडेलगुंडेंनी आपल्याला पाठ करायला लावलं होतं.

ता. क. ४. बदाम दारावर ठोकला आहे, स्वयंपाकघरातून दिसतो. तेव्हा त्याने 'नाही' असं लिहिलं असेल, तर पत्रच पाठवू नकोस. एवढ्या लांबून येणारी पत्रं हरवतातच. मला अजिबात संशय येणार नाही.