गाडी समोरच्या गॅरेजमध्ये आहे

अहो,

गाडी दारात नाही म्हणून घाबरू नका. ती तुमच्या गॅरेजसमोरच्या गॅरेजमध्ये आहे.

सकाळी आईंना डोळे तपासायला नेत होते. दवाखान्याच्या उतारावर ब्रेकच लागेना, पाय पार तळाला टेकला. हँडब्रेक ओढला तेव्हा कुठे गाडी फुटपाथला घासत थांबली. आईंना खरचटलंही नाही, पण त्यांनी माझा दंड असा आवळला होता की अजून ठणकतोय.

तुम्हाला चार वेळा फोन केला. चौथ्यांदा उचललात आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, "गिऱ्हाईकाच्या गाडीचं अलाइनमेंट चाललंय, मग बोलतो." शेवटी समोरच्यांना बोलावलं. दहा मिनिटांत आले आणि गाडी ओढून नेली. गाडी कोणाची ते त्यांनी ओळखलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमच्या पाटीवर ऑइल, क्लच, एसी, बॅटरी, डेंटिंग-पेंटिंग, सगळं आहे. बंद पडलेली गाडी घरून उचलून नेणंसुद्धा आहे. ब्रेक तर सगळ्यात वर, लाल अक्षरात. आणि इथे ब्रेक करकरतायत म्हणून मी तीन महिने कानीकपाळी ओरडतेय, तर तुमचं आपलं "रविवारी बघतो."

आम्ही दोघी ताईंकडे चाललोय. जेवण झाकून ठेवलंय.

आई म्हणाल्या, "त्याला यातलं काही सांगू नकोस गं, जिवाला लावून घेईल."

मी सांगितलंय. घ्या लावून.