एका पालकाची सही

ता. ३

ती. दादास शि. सा. न.

बारकीच्या हृदयाला छिद्र आहे हे तुला ठाऊकच आहे. आता डॉक्टर थांबायला तयार नाहीत. सोळाला ऑपरेशन. फॉर्म आठ दिवस फडताळात पडून आहे आणि हे सही करत नाहीत. आमच्या घराण्यात अंगाला सुरी लावत नाहीत, धर्मात बसत नाही, एवढंच म्हणतात. तू जन्मभर संस्कृत शिकवलंस. परवानगीचा एखादा श्लोक पाठव. नसला तर रच, यांना काय कळतंय. जिना चढताना पोर तीनदा बसते रे.

तुझी ठकी

ता. ६

चि. ठकीस अ. उ. आ.

श्लोक रचला. वृत्तात कुठेही लंगडत नव्हता, माझ्या एकाही विद्यार्थ्याला असा साधलेला नाही. मग फाडला. खोटं उघडं पडलं, तर मेव्हणे पुढे औषधाच्या बाटलीवरही विश्वास ठेवायचे नाहीत. त्यांनाच सरळ लिहिलंय : आपल्या जुन्या वैद्यांनी पोटं फाडून शिवली, तीही स्नानसंध्या उरकून, मग तुमच्यासारख्या दिवसभर कात्री चालवणाऱ्या शिंप्याला सुरीचं वावडं कोणत्या ग्रंथानं लावलं? ग्रंथात नसेल, तर सुरू कोणी केलं? बघू.

दादा

ता. ९

ती. दादांस सा. न. वि. वि.

ग्रंथात नाही. मला थोरली बहीण होती. मी चार वर्षांचा असताना तिला ऑपरेशनला आत नेलं, ती परत आली नाही. त्या दिवसापासून वडील म्हणायचे, आपल्यात सुरी लावत नाहीत. धर्म म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. सगळं कळतं, पण हात उठत नाही. राग नसावा.

आपला मेव्हणा

ता. १२

चि. ठकीस आशीर्वाद.

त्यांचं पत्र सोबत आहे. याला माझ्याकडे श्लोक नाही, आणि थट्टाही सुचत नाही. डॉक्टरांना फोन केला. एका पालकाची सही पुरते म्हणाले. तूही पालक आहेस. चोरून मात्र करू नकोस. मी येत नाही; आलो तर माझ्या धाकानं केलीस असं होईल.

दादा

ता. १९

ती. दादास नमस्कार.

सही त्यांच्यासमोर केली. ते उठून गेले. सोळाला माझ्याआधी हॉस्पिटलात हजर. शेजारी खुर्ची रिकामी असून पाच तास उभेच होते. ऑपरेशन नीट झालं.

माझ्याशी अजून बोलत नाहीत. काल बारकीला उशीला टेकवून पाणी पाजत होते, तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, "आमच्यात आजवर असं कोणी उठून बसलं नव्हतं."

मी चमचा धुवायच्या निमित्तानं बाहेर आले.

माझ्यावर लोभ आहेच, थोडा त्यांच्याकडेही वळव.

तुझी ठकी