पदराआडचं बोलणं

॥ श्री ॥

नेर, ता. १० फेब्रुवारी १९५८

ती. वामनदादास,

धाकट्या विमलचा शि. सा. न. वि. वि. आधी खाली बस, मग पुढं वाच. आमचे हे मले मुंबई दाखवाले आणून राह्यले! हो रे बाबा, हेच. बैलबाजाराच्या पलीकडं ज्यायनं मले कधी नेलं नाही, त्यायनं काल सासूबाईंसमोर जाहीर केलं की होळी झाली की विमलले घेऊन चार दिवस मुंबईले जातो, नाटक पाहू, समुद्र पाहू, हाटेलात जेवू. माह्या हातातली परात धाडकन खाली पडली. मोठ्या जाऊबाईंनी मले कोपऱ्यात ओढून इचारलं, की यायले कोणी काही चारलं तर नाही? सासूबाई तर इतक्या चाट पडल्या की रागवायचंच विसरल्या.

तवा दादा, सरकारनं तुमची कचेरी नागपूरवरून उचलून मुंबईले नेली, त्याचा आम्हालेही काही फायदा होऊ दे. नाटकाची तिकिटं काढून ठेव. नाटक हसवणारं पायजे, रडणं आम्हाले घरी फुकट मिळते. वहिनीले म्हणा, आम्ही येतो म्हणून जास्तीची भांडी घासत बसू नको.

आता खरं सांगते. आईले कळंबले यातलं अक्षर कळवू नको. दादा, मी परत येणार नाही. चौथ्या दिवशी त्यायले गाडीत बसवून देईन अन् तुह्याकडं राहीन. शिवणकाम करीन, तुले जड होणार नाही. तू इचारशील, मारतात काय? नाही. पितात काय? तेही नाही. ते मले उत्तर देत नाही. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, मी बोलते अन् ते उठून जातात. दिवसा वडीलधाऱ्यांसमोर तोंडावर पदर घेऊन हळूच बोलावं लागते, आमच्या घरची रीत तुले माहीत आहे. सुनेचा आवाज ओसरीवर गेला की सासूबाई घर डोक्यावर घेतात. रात्री अंधारात बोलावं तर भिंतीशी बोलल्यासारखं.

तेही सहन केलं. पण माही छकुली गेली त्या दिवशी हे कापसाच्या जीनात कामावर निघालते. ओसरीवर माणसं बसली होती. मी दाराआडून म्हटलं, आज नका जाऊ, माह्याजवळ बसा. त्यायनं मागं वळूनसुद्धा पाह्यलं नाही. तवापासून माह्या मनानं घर सोडलं आहे, फक्त वाट सापडत नव्हती. आता त्यायनंच दाखवली.

बहिणीवरची माया आटू देऊ नको.

तुही,
विमल

॥ श्री ॥

मुंबई, ता. १७ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. विमल हीस,

वामनचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र कचेरीत उघडले ही माझी चूक. पहिले पान वाचून इतका खदखदा हसलो की साहेबांनी वर पाहिले, आणि दुसरे पान वाचून असा चेहरा झाला की शेजारच्या टेबलावरचा माणूस धावत पाणी घेऊन आला. घरी तुझ्या वहिनीला वाचून दाखवले. तिने गॅलरीचे दार लावून घेतले आणि ते पुन्हा वाचायला लावले. आम्ही दोघेही हबकून गेलो आहोत. किसनराव? तो गरीब, खालमानेचा माणूस?

बरे, आधी मुंबईचे. शुक्रवारी सकाळी बोरीबंदरला उतराल. त्या दिवशी राणीची बाग आणि रात्री हॉटेलात जेवण. टेबलखुर्चीवर, नवरा-बायको समोरासमोर, तेव्हा आतापासून सवय कर. शनिवारी सकाळी म्हातारीचा बूट, संध्याकाळी नाटक. निव्वळ हसवणारे मिळाले नाही, अर्धे हसवते आणि अर्धे रडवते. रविवारी गेटवे आणि मग चौपाटीवर भेळ. भेळ तिखट नसते, तुमची वऱ्हाडी जीभ निराश होईल. सोमवार मोकळा ठेवला आहे, कारण किसनरावांनी मला कार्ड टाकून तसे मुद्दाम कळवले. का, ते लिहिले नाही.

आता तुझे. माझ्या घराचे दार तुला बंद नाही, कधी नव्हते. पण विमे, माझी एक अट आहे. तू राहणार आहेस हे किसनरावांना तू स्वतः, समोर बसून, तोंडाने सांगायचे. काहीतरी थाप मारून त्या माणसाला एकट्याला गाडीत बसवायचे आणि मी फलाटावरून हात हलवायचा, हे माझ्याने होणार नाही. उत्तर न देणे हा त्यांचा गुन्हा असेल, तर न सांगता निघून जाणे हा तुझा होईल.

आईला कळवलेले नाही. रात्री झोप मात्र येत नाही.

आमची आठवण ठेव, जिवाला जप.

तुझा,
वामनदादा

मुंबई, ता. २ मार्च १९५८

चि. सौ. विमल हीस आशीर्वाद. वि. वि. काय म्हणावे आता! मला कचेरीच्या कामाने आठ दिवस पुण्याला जायला सांगितले आहे. रजा मागितली तर साहेब म्हणाले की बहीण काय, पुन्हा येईल. तुझी वहिनी स्टेशनवर येईल, सगळे ठरल्याप्रमाणे करील. पुण्याचा पत्ता तिच्याकडे आहे. काय घडेल ते मला लगेच लिही, आणि अट विसरू नको. लोभ असाच राहू दे.

वामनदादा

॥ श्री ॥

मुंबई, ता. १० मार्च १९५८

ती. वामनदादास,

तुह्याच घरात, तुह्याच खुर्चीवर बसून विमलचा शि. सा. न. वि. वि. घाईत लिहून राह्यली, अक्षर समजून घे.

शुक्रवारी वहिनीनं हाटेलात नेलं. मले त्यायच्या बरोब्बर समोर बसवलं. मी जन्मात त्यायच्या संगं जेवली नाही. पदर ओढला तर वहिनीनं खसकन मागं केला, म्हणाली इथं तुला कोण ओळखतंय? मी आपली सवयीनं पुटपुटली, की भाजीत गूळ टाकला वाटते. अन् दादा, त्यायनं उत्तर दिलं! म्हणाले, हो, या लोकायले तिखट माहीतच नाही. माह्या हातातला घास हातातच राह्यला. मग मी काहीबाही बोलत गेली अन् ते एकटक माह्या तोंडाकडं पाहत एकेक गोष्टीचं उत्तर देत गेले. मी मनात म्हटलं, पाहा, परगावी यायले जीभ फुटते, घरीच काय धाड भरते? माह्या रागात भरच पडली.

शनिवारी नाटक. सारे लोक हसून झाले की हे हसत. मले वाटलं, समजाले वेळ लागत असंल. शेवटच्या अंकात सगळीकडं अंधार केला अन् म्हातारी आई एकटीच अंधारात बोलून राह्यलीती. अख्खं थेटर चिडीचूप. वहिनी डोळे पुसून राह्यलीती. तेवढ्यात यायनं, बैलबाजारात बोलतात तशा आवाजात मले इचारलं, की खेळ संपला काय?

लोक शुक् शुक् करू लागले. तेही यायले समजलं नाही. पुन्हा इचारलं. मी त्यायच्या तोंडावर हात ठेवला अन् तवा मले समजलं. दादा, त्यायले ऐकू येत नाही.

घरी येऊन त्यायनंच सांगतलं, पोरवयात जीनातल्या इंजिनापाशी राबले, तवापासून कान जात गेले. घरी सासूबाई ओरडून बोलतात, शेतात गडी ओरडून बोलतात, बैलबाजारात सौदा रुमालाखाली बोटं दाबून होते. ज्याचं तोंड दिसते त्याचं बोलणं ते ओठावरून ओळखतात. तोंडावर पदर घेऊन, हळू आवाजात, नाही तर अंधारात बोलणारी त्या घरात एकच होती. मी.

काल चौपाटीवर त्यायले समोर बसवून इचारलं, की मले काहून नाही सांगतलं? म्हणाले, आईनं शपथ घातली. भावायले समजलं तर बाजाराचं काम काढून घेतील, वाटणीच्या वेळी बहिरा म्हणून कोपऱ्यात बसवतील. बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही, बायकोले तर सांगूच नको. म्हणजे सासूबाईंले माहीत होतं! मी त्या माणसाशी कुजबुजते अन् तो उठून जाते, हे त्या रोज पाहत होत्या, अन् वरून मलेच दटावत की सुनेनं हळू बोलावं. हे ऐकून मले हसावं का रडावं तेच समजेना.

मग मी ओरडली. छकुली गेली त्या दिवशी मी म्हटलं होतं की जाऊ नका, माह्याजवळ बसा, हे मी समुद्रापुढं उभी राहून गळा फाडून सांगतलं. भेळवाला भेळ कालवता कालवता थांबला. हे मटकन वाळूत बसले. म्हणाले, मले वाटलं पोरगी गेली त्याचा दोष तू मले देऊन राह्यली, म्हणून दाराआड लपली, म्हणून मी तोंड घेऊन निघून गेलो. दोघंही रडलो, लोक पाहत होते. पाहू दे म्हटलं.

तुह्या अटीप्रमाणं तेही सांगतलं, की मी परत येणार नाही. त्यायले समजलं होतं, चेहराच उतरला. तरी म्हणाले, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगतलं.

आज सोमवार कायले मोकळा ठेवला होता तेही समजलं. त्यायले कानाच्या डाक्टरकडं जायचं होतं. बोभाटा होईल म्हणून सासूबाईंनी जाऊ दिलं नसतं, नाटक अन् हाटेल हे त्यायले संशय येऊ नये म्हणून. डाक्टर म्हणाला, एक कान गेला, दुसऱ्यात थोडं शिल्लक आहे, समोर बसून मोठ्यानं बोलत जा.

उद्याची गाडी आहे. ते म्हणतात, चल, घरात सगळ्यांदेखत तोंड उघडं ठेवून मोठ्यानं बोल, मी उत्तर देईन. चौपाटीवर कबूल करणं सोपं आहे दादा. आईच्या धाकानं जे माणूस एवढी वर्षं मुकं राह्यलं, ते आईपुढं बोलंल? दया येते अन् रागही जात नाही. पिशवी भरून ठेवली आहे, पण जाण्यासाठी का राहण्यासाठी ते माह्यं मलेच माहीत नाही.

असाच पाठीशी राहा.

तुही,
विमल

॥ श्री ॥

पुणे, ता. १२ मार्च १९५८

चि. सौ. विमल हीस,

वामनचे आशीर्वाद. वि. वि. हेच पत्र दोनदा लिहिले आहे, एक मुंबईच्या पत्त्यावर, एक नेरच्या. तू कोणते वाचते आहेस देव जाणे.

तुझे पत्र पोचले. किसनरावांचे कान गेले याचे वाईट वाटते, पण त्यांच्या माउलीने हे सारे बघत बसावे याने मी सुन्न झालो आहे. त्यांना खरमरीत पत्र लिहिणार होतो, पण तुझा संसार माझ्या शाईने सुधारायचा नाही म्हणून फाडून टाकले.

मुंबईत असलीस तर राहा, बाकीचे मी पाहतो. नेरला गेली असलीस तर त्यांनी दिलेला शब्द पहिल्याच दिवशी वसूल कर. उद्या-परवा करशील तर तोंडावर पुन्हा पदर येईल. आणि त्यांनी उत्तर दिले नाही, तर दुसऱ्या दिवशीची पहिली मोटार पकड. मी बडनेरा स्टेशनवर घ्यायला येतो. साहेबांनी रजा दिली नाही तरी येतो.

तुझ्यावरचा लोभ तसूभरही कमी नाही.

तुझा,
वामनदादा

॥ श्री ॥

नेर, ता. २० मार्च १९५८

ती. वामनदादास,

विमलचा शि. सा. न. वि. वि. मी नेरचं पत्र वाचलं. पण ते आलं तवा व्हायचं ते होऊन गेलतं.

आधी नुकसान सांगते. बैलबाजाराचं काम यायच्या हातातून गेलं. थोरले दीर म्हणाले, बहिऱ्या माणसाले पुढं कसं पाठवावं, आता मी पाहीन. सासूबाई भीत होत्या ते खोटं नव्हतं दादा. हे दोन दिवस गोठ्यात जाऊन बैलायच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मले फार वाईट वाटलं. सासूबाई माह्याशी बोलत नाही, माह्या हातचं पाणीही घेत नाही. मी त्यायच्यापुढं तांब्या ठेवते, त्या तो सरकवतात. असं चालू आहे.

आता कसं झालं ते ऐक. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी ओसरीवर सारे जमले होते. शेजारच्या बायाही मुंबईची हकीकत ऐकाले येऊन बसल्या. हे सासूबाईंजवळ, भिंतीले टेकून, खाली मान घालून बसलेले. जेवणाची वेळ झाली. रोज मी जाऊबाईंच्या पोराले पाठवते, की काकाले म्हण पान वाढलं. त्या दिवशी मी स्वतः सैपाकघराच्या दारात आली. पदर डोक्यावरच राहू दिला, तोंडावर घेतला नाही.  मी हाक मारली, की अहो, जेवाले या.

थोरल्या दिरायचा पानाचा विडा तोंडाजवळच थांबला. जाऊबाईंनी तोंडावर हात घेतला. यायनं मान वर केली नाही. मी आणखी मोठ्यानं हाक मारली. सासूबाई ताडकन म्हणाल्या, घरात माणसं बसली आहेत, मुंबईहून लाजलज्जा विकून आली काय? अन् सासूबाईंनी यायचा दंड धरला. यायनं माह्याकडं पाह्यलं अन् पुन्हा खाली पाह्यलं. दादा, तवा मी मनात पिशवी उचलली होती. सकाळची मोटार किती वाजता निघते ते आठवून राह्यलीती.

तरी म्हटलं, एकदा आणखी. आता मी ओसरीच्या मधोमध जाऊन त्यायच्या पुढं उभी राह्यली. एवढ्या जोरानं ओरडली की रस्त्यावरची माणसं थांबली, की अहो, मी बोलून राह्यली, जेवाले या!

यायनं आईचा हात हळूच सोडवला. उठून उभे राह्यले. आधी आईले सांगतलं, मग भावाले सांगतलं, की मले ऐकू येत नाही, लग्नाच्या आधीपासून येत नाही, तिले मोठ्यानं बोलू द्या. मग माह्याकडं वळले, अन् सगळ्या माणसायदेखत म्हणाले, आलो.

वहिनीले नमस्कार. आईले आता सारं कळव. आम्हा दोघांवरही माया ठेव.

तुही,
विमल