सहा पेपरांतली एकच बातमी

प्रिय पौर्णिमा,

जय भीम. हात कसा आहे? प्लास्टर निघेपर्यंत भाकऱ्या थापायला बसू नकोस. तुझा स्वभाव मला दिंद्रुडच्या शाळेपासून ठाऊक आहे. खो-खोत पायाचं नख निघालं, तर चिंधी बांधून पुन्हा पाटीवर जाऊन बसलेली मुलगी तू.

परवा तुझ्या आईकडे गेले होते. भामाकाकूंनी पेपर पिठाच्या डब्याखाली दडवलाय. म्हणाल्या, पोरीनं वाळूची गाडी अडवली ते कुणीच इचारत न्हाई बाई, नवऱ्यानं काहून सोडली तेवढंच इचारतेत. तू गेवराईतून बदलीचा अर्ज लिहून ठेवलायस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. चहा तसाच ठेवून उठले.

भर दुपारी तू कोतवालाला घेऊन गोदावरीच्या पात्रात उतरलीस, ड्रायव्हरने ढकललं, हात मोडला. आणि छापून काय आलं? 'घटस्फोटित महिला तलाठी', गेवराईत एकटीच राहते म्हणे. ढकलणारा मात्र घरातला कर्ता पुरुष, दोन लेकरांचा बाप. तुझ्या जागी एखादा पुरुष तलाठी असता, तर त्याच्या बायकोची चौकशी कुणी केली असती का? सहाही पेपरांत तेच, स्वल्पविरामासकट. आम्हा वार्ताहरांत रीतच तशी आहे. एकाने बातमी टाइप करून ग्रुपवर टाकायची, बाकीच्यांनी आपापल्या नावाने पाठवायची.

त्या दिवशी फोनवर रडत तू म्हणालीस, चैताली, हे कुणी लिहिलं तेवढं शोधून काढ. मी म्हणाले, बघते. पौर्णे, शोधायचं काही नव्हतंच, बातमी मीच टाइप केली होती. आमच्या संपादक साहेबांचा फोन आला, वाळूचं रोजचंच आहे, बाईबद्दल काही असेल तर द्या. मी दिलं. तुझ्या घटस्फोटाचं बाकी पाचजणांना माहीतही नव्हतं. ते तू मला विश्वासाने सांगितलं होतंस. खोटं तर काही लिहिलं नाही, अशी आठ दिवस मनाची समजूत घालत होते. काल माझ्या नावाने खुलासा लिहून त्याच ग्रुपवर टाकला. कुणीही छापला नाही, आमच्या पेपरानेसुद्धा. म्हणून हे पत्र. काकूंना वाचून दाखव, हवं त्याला दाखव. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, पण तो अर्ज देऊ नकोस.

तुझीच म्हणवायची लाज वाटते, तरी तुझीच,
चैताली