देवाविषयी ऐंशी पानं

२ मार्च
चर्चच्या पाळकांनी बायकांचा बायबल-वर्ग माझ्याकडे सोपवला. विषय — देव केंद्रस्थानी. "समतोल ठेवा," म्हणाले, "नुसतं प्रेम नको, नुसता न्यायही नको." मी गंभीरपणे मान डोलावली. घरी येताना आधी नवी वही घेतली, मग प्रार्थना केली. केंद्रस्थानी कोण, ते पहिल्याच दिवशी ठरलं!

९ मार्च
ऐंशी पानं झाली. पवित्रता, दया, सार्वभौमत्व — तीन रंगांत. हे म्हणाले, "देवाला एकदा दाखवून घे. काही राहिलं असेल तर सांगेल."

१६ मार्च
नणंद वर्गाला आली. नवरा जाऊन पाच आठवडे झालेत. शिवणाचं दुकान बंदच आहे. मागच्या बाकावर बसली आणि मधेच म्हणाली, "वहिनी, त्यालाच का नेलं?"
माझ्याकडे उत्तर होतं! पान बेचाळीस, मुद्दा तिसरा — देवाच्या योजनेत चूक नसते. वाचून दाखवलं. आवाजही छान लागला होता.
ती उठून गेली. मला वाटलं, पाणी प्यायला.

१७ मार्च
फोन उचलत नाही.

२० मार्च
पाळकांना विचारलं, मुद्दा चुकीचा होता का?
"बरोबर होता. माझा मुलगा गेला तेव्हा मलाही एकाने तोच सांगितला. दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही."
दोन वर्षं. घरी येऊन भाजी करपवली.

२३ मार्च
तिच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकांची न शिवलेली कापडं परत करायला घड्या घालत होती.
"माझं चुकलं गं."
"तुझं कसं चुकेल? तू सगळं वाचलंयस."
ऐकून घेतलं. दुसरं काय करणार.
हातातली घडी संपवून म्हणाली, "मी रोज भांडते देवाशी. कडाकडा. वर्ग सोडलाय वहिनी, त्याला नाही सोडलं." मग कापडाचं एक टोक माझ्याकडे दिलं. "धर. नीट धर, लोंबतंय."
तासभर घड्या घातल्या. मी काहीही शिकवलं नाही. माझ्यासाठी हा विक्रमच.
घरी वही चाळली. ऐंशी पानं देवाविषयी. देवाशी एक ओळ नाही.

२४ मार्च
देवा, मलाही कळलेलं नाही. तिच्या नवऱ्याला का नेलंस?